पत्ता आणि परवानगी

एकाच वेळी शेकडो लोकांना ईमेल पाठवणं हे तांत्रिकदृष्ट्या १९७८ सालीच जमलं होतं. मग त्यानंतरची जवळजवळ पन्नास वर्षं ‘न्यूजलेटर सॉफ्टवेअर’ या नावाखाली इतके इंजिनिअर नेमकं काय करत होते? आपल्या धंद्यातल्या कुणालाही विचारलं तर उत्तर ठरलेलं, "अरे, एक फॉर लूप लावायचा, यादीतला एकेक पत्ता उचलायचा आणि मेल सोडायचा. त्यात काय एवढं?" खरंच आहे. पाठवण्यात काही नाहीच. हा सगळा इतिहास दुसऱ्याच गोष्टीचा आहे असं मला अलीकडे फार वाटायला लागलंय. तर मंडळी, चहा घेऊन बसा, आज जरा लांबण लागणार आहे.

३ मे १९७८. गॅरी थुर्क हा डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे आपल्या कॉम्प्युटरच्या पुस्तकांतली ‘डेक’, या कंपनीचा मार्केटिंगवाला माणूस. कंपनीची नवीन डेकसिस्टिम-२० घराण्यातली यंत्रं आली होती आणि त्यांची प्रात्यक्षिकं कॅलिफोर्नियात दोन ठिकाणी ठेवली होती. या यंत्रांत अर्पानेटला जोडायची सोय आधीच केलेली होती. म्हणजे अर्पानेट वापरणाऱ्यांना ही बातमी उपयोगाचीच वाटणार, असा त्याचा हिशोब. तेव्हा अर्पानेटवरच्या माणसांची चक्क छापील डिरेक्टरी असायची, आपल्या टेलिफोन डिरेक्टरीसारखी. तिच्यातून पश्चिम किनाऱ्यावरच्या साधारण चारशे जणांचे पत्ते काढले, एका सहकाऱ्याने ते बसून टाइप केले, आणि सगळ्यांना मिळून एकच पत्र. पत्ते इतके झाले की मेलच्या प्रोग्रॅममधल्या ‘प्रति’च्या रकान्यात मावेनात, उरलेले थेट पत्राच्या मजकुरात सांडले. बफर ओव्हरफ्लो म्हणा हवं तर :)

लोक भडकले. अर्पानेट अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालायचं, तिथे धंद्याची जाहिरात म्हणजे नियमाचा उघड भंग. खात्याकडून तक्रार गेली, थुर्कला समज मिळाली. पण गंमत बघा. या मेलमुळे १ कोटी ३० लाख डॉलरच्या आसपास यंत्रं विकली गेली, असं थुर्क नंतर मुलाखतींतून सांगत आला. आकडा त्याचा स्वतःचा आहे, पण तो निम्मा धरला तरी एका मेलच्या मानाने कमाई वाईट नाही. म्हणजे पहिल्याच दिवशी दोन्ही गोष्टी सिद्ध झाल्या. लोकांना हे आवडत नाही. आणि तरीही याने माल खपतो. पुढचा सगळा इतिहास या दोन वाक्यांतल्या रस्सीखेचीचा आहे.

या रस्सीखेचीचा अंदाज एका माणसाला आधीच आला होता. जॉन पोस्टेल. इंटरनेटची नियमपुस्तकं ज्यांनी वर्षानुवर्षं सांभाळली ते पोस्टेल. त्यांनी नोव्हेंबर १९७५ मध्ये एक छोटंसं टिपण लिहिलं, आरएफसी ७०६, विषय ‘जंक मेलची अडचण’. मुद्दा एवढाच की नको असलेले मेल नाकारायचा उपाय घेणाऱ्याच्या यंत्राकडे नाही, तो असायला हवा. थुर्कच्या अडीच वर्षं आधी! पण १९८२ साली पोस्टेल यांनीच एसएमटीपी हा मेल पोचवायचा नियम लिहिला (आरएफसी ८२१, आजही मूळ सांगाडा तोच) तेव्हा त्यात प्रश्न तीनच राहिले: कोणाकडून, कोणाला, काय. ‘ज्याला पाठवतोय त्याने हो म्हटलंय का?’ हा चौथा प्रश्न नाहीच. त्या काळी नेटवरची माणसं थोडी, सगळी विद्यापीठांतली नाहीतर प्रयोगशाळांतली, बहुतेक एकमेकांना ओळखणारी. चाळीत दाराला कडी कोण लावतो?

इथे पैशाचा मुद्दा समजून घ्यायला हवा. कागदी मासिकांच्या जमान्यात प्रत्येक अंकाला कागद, छपाई, टपालहशील लागायचं. आपल्याकडची मराठी मासिकं वर्गणीदारांना व्ही.पी.ने अंक पाठवायची आणि वर्गणीदाराने व्ही.पी. परत केली की जाण्यायेण्याचा भुर्दंड मासिकाच्या बोकांडी. त्यामुळे संपादक आपणहून यादी तपासायचे, मेलेली नावं काढायचे, नको असलेल्याला अंक पाठवायचे नाहीत. सभ्यपणा होताच, पण त्याहून जास्त खिशाची काळजी होती. ईमेलने हा खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून काढला आणि घेणाऱ्याच्या डोक्यावर ठेवला. पाठवणाऱ्याला शंभर काय आणि लाख काय, सारखंच. वाचायचा नाहीतर पुसायचा वेळ मात्र लाख लोकांचा. खर्चाचा ब्रेक गेला. मग तो ब्रेक सॉफ्टवेअरमध्ये बनवावा लागला. न्यूजलेटर सॉफ्टवेअरचा इतिहास म्हणजे हा ब्रेक पुन्हा बसवण्याचा इतिहास.

पहिला ब्रेक एका विद्यार्थ्याने बसवला. बिटनेट हे अमेरिकेतल्या विद्यापीठांचं १९८१ साली सुरू झालेलं नेटवर्क, आयबीएमच्या मेनफ्रेम मशिन्सवर चालणारं. तिथे १९८४ पासून लिस्टसर्व नावाची एक सोय होती. यादीला एक पत्र पाठवा, ते सगळ्यांना जाईल. पण यादीत नाव घालायचं किंवा काढायचं तर केंद्रावरच्या माणसाला विनंती करायची, आणि तो माणूस सवडीने हाताने ते करणार. सरकारी कचेरीत नाव बदलून घेण्यासारखंच. १९८६ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक तोमा या विद्यार्थ्याने नवं लिस्टसर्व लिहिलं आणि हा मधला माणूस काढून टाकला. यादीत यायचं तर प्रोग्रॅमलाच मेल करा ‘सबस्क्राइब’, जायचं तर मेल करा ‘साइनऑफ’. बस्स. कुणाची परवानगी नको, कुणाला कारण सांगायला नको.

आपल्याला हे आज इतकं साधं वाटतं की त्यातलं मोठेपण दिसत नाही. थुर्कच्या यादीत नाव घालणारा थुर्क होता. तोमाच्या यादीत नाव घालणारा आणि काढणारा वाचक स्वतः होता. यादीची मालकी तिथे बदलली.

जाता जाता लिस्टसर्वमधली आणखी एक हुशारी सांगतो, इंजिनिअर लोकांना आवडेल. अमेरिका-युरोप लाइन तेव्हा मंद आणि महाग. युरोपात पन्नास वाचक असतील तर तेच पत्र पन्नास वेळा समुद्रापार पाठवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. म्हणून लिस्टसर्व पलीकडच्या लिस्टसर्वकडे एकच प्रत आणि पन्नास नावं पाठवायचं, पुढची वाटणी तिकडे. आपल्याकडे पेपरचे गठ्ठे जसे रात्रीच्या गाडीने तालुक्याला जातात आणि सुटे पेपर तिथला विक्रेता वाटतो, अगदी तसं.

मग १९९२ साली ब्रेंट चॅपमनने मेजरडोमो लिहिलं. पर्ल भाषेत, फुकट, कुठल्याही युनिक्स मशिनवर चालणारं. म्हणजे आता यादी चालवायला मेनफ्रेम नको, कॉलेजच्या लॅबमधलं एक मशीन पुरे. पण याद्या वाढल्या तशी जुनीच व्ही.पी.ची कटकट नव्या रूपात आली. लोक नोकऱ्या बदलतात, पत्ते मरतात, पाठवलेला मेल परत येतो. परत आलेल्या मेलचा मजकूर प्रत्येक सर्व्हरचा वेगळा, त्यात मेलेला पत्ता कुठला हे प्रोग्रॅमला कळणार कसं? क्यूमेल लिहिणाऱ्या डॅन बर्नस्टाइनने १९९७ च्या सुमारास यावर एक झकास युक्ती रूढ केली. प्रत्येक वाचकाला जाणाऱ्या प्रतीवर परतीचा पत्ताच वेगळा लिहायचा आणि त्या परतीच्या पत्त्यात वाचकाचा पत्ता गुंफायचा. पाकीट परत आलं की आतलं काही वाचायची गरजच नाही, ते कुठे परत आलं त्यावरूनच कळतं की कुणाचं घर बंद झालंय. आजची सगळी मोठी न्यूजलेटर सॉफ्टवेअरं ही युक्ती या ना त्या रूपात वापरतात.

ही हत्यारं हातात आल्यावर एकटा माणूस काय करू शकतो याचं माझं सगळ्यात लाडकं उदाहरण म्हणजे अनु गर्ग. भारतातून अमेरिकेत शिकायला गेलेला, कॉम्प्युटर सायन्सचा विद्यार्थी, गाव क्लीव्हलंड. १९९४ साली त्याने एक अगदी साधी गोष्ट सुरू केली: रोज एक इंग्रजी शब्द, त्याचा अर्थ, थोडी व्युत्पत्ती आणि वापराचं एक उदाहरण. ‘अ वर्ड अ डे’. ना चित्रं, ना रंग. सुरुवातीचे वाचक म्हणजे ओळखीपाळखीचे विद्यार्थी. तिथून वाढत वाढत आकडा लाखांत गेला, वाचक दीडशेहून जास्त देशांतले झाले, आणि गर्गने पुढे नोकरी सोडून पूर्ण वेळ हेच काम घेतलं. तीस वर्षं उलटून गेली, अजून चालू आहे.

हे वाढलं कसं? मला त्यात तीन गोष्टी दिसतात. एक, मेल छोटा. वाचायला दोन मिनिटं, ऑफिसात आल्या आल्या संपतो. दोन, तो ठरलेल्या दिवशी येतो, म्हणजे सवय लागते. तीन, तो दुसऱ्याला पुढे पाठवावासा वाटतो, आणि ज्याला पोचतो त्याला आपणही नाव कसं घालायचं हे तिथेच कळतं. आठवड्याला एक विषय घ्यायचा, पाच शब्द त्याच विषयातले द्यायचे, आणि आठवड्याच्या शेवटी वाचकांच्याच पत्रांतलं निवडक छापायचं. म्हणजे वाचक नुसता घेणारा राहिला नाही. यात पत्ते विकत घेणं कुठेच नाही, हे मुद्दाम लक्षात घ्या.

आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ ला सामान्य माणसासाठी इंटरनेट सुरू केलं. पुढच्याच वर्षी ४ जुलैला सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांचं हॉटमेल आलं, ज्याने प्रत्येक जाणाऱ्या मेलच्या पायाशी ‘तुम्हीही फुकट मेल घ्या’ अशा अर्थाची एक ओळ चिकटवली आणि दीड वर्षात एक कोटीच्या वर गिऱ्हाईक जमवलं. मग आपल्या ऑफिसांतून जे सुरू झालं त्याला कुणा मराठी माणसाने ‘ढकलपत्र’ असं झकास नाव दिलंय. पुलंचे विनोद, शिवाजी महाराजांच्या किल्ल्यांचे फोटो, ‘हे दहा जणांना पाठवा’ वगैरे. आणि त्याच्याच शेजारी याहू ग्रुप्स. (याहूने २००० साली ईग्रुप्स ही कंपनी घेऊन ते उभं केलं.) कॉलेजच्या बॅचचे ग्रुप, ट्रेकवाल्यांचे ग्रुप, अमेरिकेतल्या मराठी मंडळांचे ग्रुप, सगळे तिथे. त्यांचं पुढे काय झालं ते शेवटी सांगतो.

एव्हाना स्पॅमचा पूर आला होता. २००३ च्या सुमाराला जगातल्या एकूण मेलपैकी निम्म्याहून जास्त स्पॅम होते. उपाय दोन दिशांनी आले. एक, बदनाम सर्व्हरांची काळी यादी. पॉल व्हिक्सीने १९९७ मध्ये अशी यादी सुरू केली, आणि मेल घेणारी यंत्रं ती बघून दार लावायला लागली. दोन, मजकूर बघून संभाव्यतेने ठरवायचं, पॉल ग्रॅहमचा २००२ सालचा लेख आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल, बेजचा सिद्धांत कॉलेजनंतर पहिल्यांदा उपयोगी पडलेला तिथेच दिसला :) पोस्टेल यांनी १९७५ मध्ये मागितलेला ‘नाही’ म्हणायचा हक्क असा पंचवीस वर्षांनी मिळाला.

पण त्यात सुक्याबरोबर ओलंही जळलं. कुणी शहाणा माणूस स्वतःच्या सर्व्हरवरून पाचशे वाचकांना इमानदारीत पत्र पाठवत असेल, तर तोही फिल्टरात अडकायला लागला. मेल पोचणं ही आता तांत्रिक गोष्ट राहिली नाही, पत असण्याची गोष्ट झाली. आणि पत सांभाळणं हा स्वतंत्र धंदा झाला.

मेलचिंप हा त्याच धंद्यातला सगळ्यात गाजलेला गडी. अटलांटामधली वेबसाइट डिझाइन करणारी एक छोटी कंपनी. गिऱ्हाइकं म्हणायची, आम्हाला न्यूजलेटर पाठवून द्या. बेन चेस्टनट आणि डॅन कुर्झियस यांनी आधी ई-ग्रीटिंग कार्डांचा एक फसलेला उद्योग केला होता, त्याचाच उरलेला कोड झटकून २००१ मध्ये हे सॉफ्टवेअर उभं केलं, म्हणजे गिऱ्हाइकाने आपलं आपण करावं. कित्येक वर्षं हा जोडधंदाच होता. २००९ मध्ये त्यांनी छोट्या याद्यांसाठी ते फुकट केलं आणि वर्षभरात वापरणारे ८५ हजारांवरून साडेचार लाखांवर गेले. फुकटवाल्यांच्या मेलखाली माकडाचा शिक्का. हॉटमेलचीच युक्ती. बाहेरचा गुंतवणूकदार न घेता चालवलेली ही कंपनी इंट्युइटने २०२१ मध्ये सुमारे १२ अब्ज डॉलरना घेतली.

आता यातली खरी गोम. मेलचिंपसारख्या ठिकाणी हजारो गिऱ्हाइकांचे मेल त्याच त्या सर्व्हरांवरून जातात. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसारखं. एकाने घाण केली की सगळ्या फ्लॅटना तेच पाणी. एका गिऱ्हाइकाने विकत घेतलेली यादी वापरली, शंभर लोकांनी ‘स्पॅम’ बटण दाबलं, की त्याच्या शेजारच्या निष्पाप गिऱ्हाइकाचे मेलही अडकायला लागतात. त्यामुळे फुकट योजनेबरोबरच त्यांना ऑम्निव्होर नावाची एक यंत्रणा बांधावी लागली, जी पाठवण्याआधीच यादी बघून अंदाज करते की हा माणूस घोळ घालणार आहे का. ‘बाबा रे, हे पत्ते तुला कुठून मिळाले?’ हा पोस्टेल यांच्या नियमात नसलेला चौथा प्रश्न अशा रीतीने आला. कायद्याच्या किंवा सभ्यतेच्या आधी तो धंद्याच्या गरजेतून आला. वर्गणीदाराची व्ही.पी. परत आली की संपादक यादी तपासायचा, तेच गणित.

कायद्यानेही आपलं काम केलं, पण गाडी हळू. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा डिसेंबर २००३ चा. तो म्हणतो, न विचारता पाठवा, पण ‘नको’ म्हटलं की दहा कामाच्या दिवसांत थांबा आणि खालती आपला टपालाचा पत्ता द्या. युरोपचं जीडीपीआर मे २०१८ पासून लागू झालं. तिथे संमतीवर चालायचं असेल तर ती आधी आणि स्पष्ट घ्यायची. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक. एकात दार उघडंच, तुम्ही हवं तर लावा. दुसऱ्यात दार बंद, तुम्ही हवं तर उघडा.

बरं, परवानगी घेतली म्हणजे सगळं झालं का? नाही. ओबामांच्या २०१२ च्या निवडणुकीतली गोष्ट ऐका. त्यांच्या मोहिमेकडे स्वतः नाव दिलेल्या समर्थकांची अवाढव्य यादी होती. प्रत्येक मेलच्या विषयओळीचे आणि मजकुराचे कधी कधी डझनापेक्षा जास्त नमुने करायचे, यादीतल्या थोड्या थोड्या लोकांना पाठवून बघायचे, आणि ज्याला सर्वात जास्त देणग्या येतील तो बाकी सगळ्यांना. ‘माझ्यापेक्षा त्यांचा खर्च जास्त होणार’ अशा अर्थाच्या विषयओळीचा एक मेल एकट्याने २६ लाख डॉलरच्या वर घेऊन आला. त्याच मेलच्या पडेल विषयओळींचा अंदाज याच्या कितीतरी पट कमी होता. आणि कुठली ओळ जिंकेल हे त्यांच्या मुरलेल्या लोकांनाही आधी ओळखता यायचं नाही. नुसतं ‘हे’ असं लिहिलेली ओळही भरपूर चालली.

इंजिनिअर म्हणून मला हे वाचताना मजा येते. पण पुढचं बघा. सगळ्यांनी हेच उचललं. दुकानं, बँका, विमान कंपन्या, सगळ्यांचे मेल ‘फक्त आज’, ‘शेवटचे काही तास’, ‘तुम्ही विसरलात का?’ असे ओरडायला लागले. कारण मोजता येतं ते लगेचचं क्लिक. वाचक कंटाळून गेला, मेल न उघडता पुसायला लागला, हे त्या आकड्यात उशिरा दिसतं. आणि जो आकडा सगळे बघत बसायचे, ‘किती जणांनी मेल उघडला’, तो तरी कसा मोजायचे? मेलमध्ये एक बाय एक पिक्सेलचं न दिसणारं चित्र ठेवायचं. ते सर्व्हरवरून मागवलं गेलं की समजायचं मेल उघडला. वाचकाला याचा पत्ताच नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या मेल ॲपमध्ये ही चित्रं वाचकाच्या वतीने आपणच आधी मागवून ठेवायची सोय दिली आणि तो आकडा एका फटक्यात कुचकामी झाला. मोजणारे खूप ओरडले. मला मात्र त्यात पोस्टेलच दिसले.

हा इतिहास खणायला एक कारणही झालं. माझा एक मित्र दर महिन्याला किल्ल्यांचे ट्रेक काढतो. पाच वर्षांत त्याच्या एक्सेलमध्ये हजाराच्या वर पत्ते जमलेत. त्याला न्यूजलेटर सुरू करायचं होतं आणि कुठलं सॉफ्टवेअर घेऊ म्हणून तो माझ्याकडे आला. मी विचारलं, हे पत्ते कुठून आले? म्हणाला, "अरे, लोकांनी स्वतः दिलेत की! फॉर्मवर." कशासाठी दिलेत? "बस किती वाजता, काय सामान आणायचं ते कळवायला." आणि मग आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो.

त्याने केलं ते असं. सगळ्यांना एकच साधा मेल पाठवला: तुम्ही आमच्याबरोबर आला होतात, आता महिन्याला एक पत्र लिहायचा विचार आहे, एका किल्ल्याबद्दल. हवं असेल तर या दुव्यावर क्लिक करा. नाही केलंत तर हा शेवटचा मेल. यादी चौथ्या हिश्श्यावर आली. दोन दिवस बेटा पार पडलेला होता, "पाच वर्षांची कमाई घालवली तुझ्या नादाने" वगैरे. आता सातआठ पत्रं झालीत. लोक उत्तरं लिहितात. राजगडावरच्या पत्राला एका काकांनी दोन पानी दुरुस्ती पाठवली, फोटोंसकट. हजार पत्त्यांच्या यादीत असे किती निघाले असते मला माहीत नाही, पण हे जे आहेत ते सगळे स्वतःहून आलेत.

आता नियमही तिथेच येऊन पोचलेत. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू मोठ्या प्रमाणावर पाठवणाऱ्यांना (गूगलच्या हिशोबाने दिवसाला पाच हजारांच्या वर) सांगतात: तुम्ही तुम्हीच आहात हे सहीशिक्क्याने सिद्ध करा, एका क्लिकमध्ये बाहेर पडायची सोय द्या, आणि स्पॅमच्या तक्रारी ०.३ टक्क्यांच्या खाली ठेवा. म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं की तुमची पत गेली. आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही म्हणतो की माहिती कशासाठी घेतली ते ठरलेलं असावं, आणि संमती मागे घेणं हे संमती देण्याइतकंच सोपं असावं. एरिक तोमाने १९८६ मध्ये दोन शब्दांत हेच केलं होतं ना? यायला एक शब्द, जायला एक शब्द.

राहता राहिली याहू ग्रुप्सची गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये ते बंद झालं, त्याच्या आधीच जुने मेल, फोटो, फायली सगळं पुसलं गेलं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं. ट्विटरने २०२१ मध्ये घेतलेलं रेव्ह्यू जानेवारी २०२३ ला बंद, छोट्या लेखकांचं लाडकं टायनीलेटर २९ फेब्रुवारी २०२४ ला बंद. पण न्यूजलेटरवाल्यांचं नुकसान त्या मानाने कमी झालं, कारण पत्त्यांची यादी ही एक साधी फाइल असते. ती उचलायची आणि दुसऱ्या दुकानात जायचं. २०१७ मध्ये सुरू झालेलं सबस्टॅक लेखकांना पटलं त्यातही हे एक कारण आहे, यादी लेखकाला घेऊन जाता येते. फेसबुकवरचे फॉलोअर तुम्हाला असे पिशवीत घालून नेता येतात का? बघा प्रयत्न करून.

तेव्हा तुमच्यापैकी कुणी न्यूजलेटर काढायच्या विचारात असाल तर सॉफ्टवेअर कुठलं हा प्रश्न खरंच दुय्यम आहे. स्वस्त बघा, यादी उतरवून देणारं बघा, झालं. आधी आपल्या फाइलमधल्या प्रत्येक नावापुढे एक रकाना करा: ‘याने कधी आणि कशासाठी हो म्हटलं?’ ज्याच्यापुढे लिहिता येणार नाही, ती ओळ तुमची नाही.

असो, बरंच लांबलं. पुढच्या शनिवारी टाइम झोनच्या भानगडीवर लिहायचा विचार आहे. रिलीज आडवं आलं नाही तर :)